नफा वहीत, पैसा पोत्यात

“भाऊ, तुम्ही म्हणता एक लाख ऐंशी हजार नफा झालाय. मग बँकेत दहाच हजार कसे?”

दर एप्रिल-मेमध्ये हा प्रश्न माझ्या टेबलापलीकडच्या खुर्चीतून येतो. कधी बेकरीवाला विचारतो, कधी फॅब्रिकेशनवाला, कधी पापड-मसाल्याचा घरगुती धंदा करणारी बाई. आकडे वेगळे असतात, प्रश्न तोच. आणि विचारताना चेहऱ्यावर एक शंका असते, की हिशेब तरी चुकलाय नाहीतर गल्ल्यात कुणीतरी हात घातलाय. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. हिशेब बरोबर असतो, माणसं प्रामाणिक असतात, नफाही खरा असतो. तो रोख रकमेच्या रूपात नसतो, इतकंच. तो कुठे आहे हे शोधता आलं की हिशेबशास्त्राचा निम्मा भाग समजला असं मी मानतो. म्हणून तो आज सावकाश शोधू.

त्यासाठी एक धंदा रचतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतलेत, पण अशा वह्या मी पुष्कळ पाहिल्यात. कोल्हापूरच्या बाजूचं एक तालुक्याचं गाव. तिथे एक वहिनी कांदा-लसूण मसाला करतात. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, तिखटपणाला लवंगी अशा मिरच्या, शिवाय धणे, खोबरं, तीळ, खडा मसाला. सगळं भाजून डंकावर कुटायचं आणि पाकिटं भरून किराणा दुकानांना आणि खानावळींना द्यायचं. १ एप्रिलला त्यांनी घरातले ५ लाख आणि बँकेचे ४ लाख असे ९ लाख घेऊन सुरुवात केली. डंक, भाजणीचं यंत्र आणि पाकिटं सील करायचं यंत्र यांत ४ लाख गेले. ५ लाख बँकेत राहिले.

पहिलीच अडचण इथे येते. वहिनी म्हणतात, धंदा माझा, पैसे माझे, मग माझे ५ लाख तुम्ही देण्याच्या बाजूला का लिहिता? कारण हिशेबाच्या नजरेत धंदा हा एक वेगळा माणूस आहे. त्याने बँकेकडून ४ लाख घेतले, तसेच वहिनींकडून ५ लाख घेतले. बँकेचं देणं ठरलेल्या हप्त्यांनी फिटेल, वहिनींचं देणं धंदा चालेल तोवर राहील, पण दोन्ही देणीच. वहिनींनी धंद्याला दिलेल्या रकमेला भांडवल म्हणतात. कायदा एकट्या मालकाच्या धंद्यात मालक आणि धंदा यांत फरक करत नाही. धंद्याचं कर्ज बुडालं तर घरावर येतं. हिशेब मात्र फरक करतो, आणि तो केला नाही तर पुढचं काहीच कळत नाही. घरच्या गॅस सिलिंडरचे पैसे दुकानाच्या गल्ल्यातून गेले आणि ते कुठेच लिहिले नाहीत, तर मसाला परवडतो की नाही हे सांगणारा आकडाच हातचा जातो. म्हणून नवीन धंदा करणाऱ्याला मी पहिलं काम सांगतो ते धंद्याचं वेगळं बँक खातं उघडण्याचं.

आता व्यवहार लिहायचे. प्रत्येक व्यवहार दोन जागी लिहायचा, ही हिशेबातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात शहाणी युक्ती. इटलीतल्या लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या गणिताच्या ग्रंथात ती सविस्तर मांडली. त्याने ती शोधून काढली नव्हती, व्हेनिसचे व्यापारी आधीपासून तशाच वह्या ठेवत होते. आपल्याकडेही हिशेबाची मोठी परंपरा आहे. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द मराठी मोडी दफ्तरांत ठायी ठायी भेटतात. त्या त्या दिवशी घडेल तसं लिहायचं ती कीर्द. तेच व्यवहार पुढे माणसामाणसाच्या आणि खर्चाखर्चाच्या खात्यावर नेऊन मांडायचे ती खतावणी. आज संगणकावर बिल टाकलं की खतावणी आपोआप होते, आणि म्हणूनच ती होते हे लोक विसरलेत.

दोन जागी म्हणजे कसं? वहिनींनी ५०,००० रुपयांची मिरची चेकने घेतली. मिरची आली, बँकेतला पैसा गेला. आलं ते नावे, गेलं ते जमा: खरेदी खाते नावे, बँक खाते जमा. पुढे त्यांनी एका दुकानदाराला ८,००० रुपयांचा मसाला उधार दिला. दुकानदार घेणारा, म्हणून त्याचं खातं नावे. विक्री हे उत्पन्न, म्हणून विक्री खातं जमा. ‘त्याच्या नावावर मांडून ठेव’ असं आपण बोलतो, ते हेच. नावे आणि जमा या शब्दांत चांगलं-वाईट काही नाही, त्या दोन बाजू आहेत.

इथे एक गोंधळ जवळजवळ प्रत्येकाचा होतो. बँकेत पैसे भरले की पासबुकात ‘जमा’ लिहून येतं, आणि मी सांगतो की तुमच्या वहीत बँक खातं ‘नावे’ करा. दोन्ही बरोबर. पासबुक ही बँकेच्या वहीतली तुमच्या खात्याची नक्कल आहे. बँकेच्या दृष्टीने तुम्ही देणारे, म्हणून जमा. तुमच्या वहीत बँक ही घेणारी, म्हणून नावे. एकाच व्यवहाराकडे समोरासमोर बसलेले दोघं पाहतायत. यात भर म्हणजे जुन्या देशी नाम्यात जमेची बाजू डावीकडे असायची आणि इंग्रजी पद्धतीत नावेची बाजू डावीकडे आली. आजोबांची वही आणि नातवाचा संगणक यांत बाजू उलट्या दिसल्या तर घाबरू नये.

दोनदा लिहिण्याचा फायदा वर्षअखेरीस कळतो. सगळ्या खात्यांच्या नावे शिल्लका एका बाजूला, जमा शिल्लका दुसऱ्या बाजूला मांडल्या की बेरजा जुळल्या पाहिजेत. ही तेरीज. जुळली नाही तर कुठेतरी चूक नक्की आहे. जुळली म्हणून मात्र सगळं ठीक आहे असं नाही: एखादं बिल लिहायचंच राहिलं तर दोन्ही बाजूंनी राहतं आणि तेरीज आनंदाने जुळते. त्यामुळे तेरजेपेक्षा बिलांच्या फायलीवर माझा जास्त विश्वास आहे.

आता वर्ष संपलंय. वहिनींनी ५,००० किलो मसाला ४०० रुपये किलोने विकला. विक्री २० लाख. त्यातले १७ लाख हातात आले, ३ लाख दुकानदारांकडे राहिले. मिरची आणि बाकीचा कच्चा माल १४ लाखांचा घेतला, त्यातले १३ लाख दिले, १ लाख अजून देणं आहे. तीन बायका कामाला, त्यांचा पगार ३,६०,०००. पाकिटं आणि खोकी १ लाख. टेम्पोभाडं ५०,०००. गाळ्याचं भाडं ९६,०००. लाइट बिल आणि किरकोळ खर्च ६४,०००. कर्जावरचं व्याज ४०,०००.

२० लाखांतून हे सगळं वजा केलं तर १ लाख १० हजारांचा तोटा दिसतो. वहिनी हादरतात. पण थांबा, १४ लाखांची खरेदी ही २० लाखांच्या विक्रीसाठी लागलेली नाही. मिरचीचा हंगाम फेब्रुवारीपासून मेपर्यंतचा. आता नाही घेतली तर पुढे पावसाळ्यात दमट आणि महाग मिळेल, म्हणून मार्चमध्ये वहिनींनी पोती भरून ठेवलीत. ३१ मार्चला गाळ्यात ३,५०,००० रुपयांचा माल शिल्लक आहे. तो पुढच्या वर्षीच्या मसाल्यात जाणार, त्याचा खर्चही पुढच्या वर्षी पडणार. या वर्षी विकलेल्या मसाल्याला लागलेला माल १४ लाख वजा साडेतीन लाख, म्हणजे १०,५०,००० चा.

ज्या वर्षाचं उत्पन्न, त्या उत्पन्नासाठी झालेला खर्च त्याच वर्षात, हे या शास्त्राचं मूळ तत्त्व. पैसे कधी दिले-घेतले याला तिथे महत्त्व नाही. म्हणून ३ लाखांची उधारी आजच विक्रीत धरायची, आणि ३,५०,००० ची मिरची आज खर्चात धरायची नाही.

शिल्लक मालाची किंमत कशी लावायची यावर मी जरा अडून बसतो, कारण नफा इथेच सगळ्यात सहज फुगवता येतो. शिल्लक माल एक लाखाने जास्त दाखवला की नफा त्याच क्षणी एक लाखाने वाढतो. कर्ज हवं असलेला माल वाढवून दाखवतो, कर चुकवणारा कमी करून. नियम सरळ आहे: खरेदीला पडलेली किंमत किंवा आज विकून पदरात पडेल ती किंमत, यांतली कमी असेल ती. मिरची २०० ने घेतली आणि बाजार २५० झाला तरी वहीत २००. बाजार पडला आणि तिचा मसाला करूनही २०० सुटणार नाहीत असं दिसलं, तर जेवढे सुटतील तेवढेच. न झालेला नफा धरायचा नाही, दिसत असलेला तोटा लपवायचा नाही. आणि मोजायचं तर प्रत्यक्ष पोती मोजायची. ‘अंदाजे चाळीस असतील’ असं ऐकलं की मी गाळ्यावर जातो.

पडलेली किंमत काढतानाही एक खाच असते. समजा १०० किलो मिरची २०० ने आणली. देठ काढले, उन्हात वाळवली, हातात ८५ किलो राहिली. आता ती २०० ची राहिलेली नाही. २०,००० भागिले ८५, म्हणजे २३५ च्या आसपास. ही घट न धरता भाव काढणारे धंदे मी डोळ्यांदेखत बसताना पाहिलेत, आणि त्यांच्या मालकांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपलं नशीबच खोटं.

राहिला घसारा. यंत्रं ४ लाखांची. ती एका वर्षात संपत नाहीत, पण जशीच्या तशीही राहत नाहीत. म्हणून त्यांची किंमत वर्षावर्षाला थोडी थोडी खर्चात टाकायची. प्राप्तिकराच्या हिशेबात साध्या यंत्रसामग्रीला उरलेल्या किमतीवर १५ टक्के दर आहे, तोच घेऊ. पहिल्या वर्षी ६०,०००. वहीत यंत्रं ३,४०,००० वर आली. घसाऱ्यात पैसा कुणाला द्यावा लागत नाही, म्हणून तो खोटा खर्च आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. तो खरा आहे. त्याचा पैसा पहिल्याच दिवशी देऊन झालाय, एवढंच. ज्याने घसारा धरला नाही त्याने आपल्या मसाल्याच्या भावात डंकाची झीज कधी घेतलीच नाही, आणि आठ-दहा वर्षांनी डंक बदलायची वेळ आली की तो पुन्हा कर्जाला बँकेच्या दारात उभा.

आता मांडू. विक्री २०,००,०००. लागलेला माल १०,५०,०००. उरले ९,५०,०००. पगार, पाकिटं, टेम्पो, भाडं, लाइट मिळून ६,७०,०००. उरले २,८०,०००. व्याज ४०,००० आणि घसारा ६०,००० वजा. नफा १,८०,०००. हे झालं नफा-तोटा पत्रक.

आणि बँकेत १०,०००.

नफ्यापासून बँकेच्या शिल्लकेपर्यंत आता पायी चालत जाऊ. नफा १,८०,०००. घसाऱ्यात पैसा गेला नव्हता, तो परत मिळवा: २,४०,०००. हा धंद्याने कमावलेला पैसा. यातले दुकानदारांनी दिले नाहीत ३,००,०००. पोत्यांत अडकले ३,५०,०००. मिरचीवाल्याला आपण द्यायचे राहिलेत १,००,०००, तेवढे वाचले. म्हणजे कमाई सगळी अडकून वर आणखी ३,१०,००० धंद्याने गिळले. मग कर्जाच्या हप्त्यांतलं मुद्दल गेलं ६०,०००. आणि वहिनींनी घरखर्चाला महिना १०,००० घेतले, त्याचे १,२०,०००. एकूण ४,९०,००० बाहेर. सुरुवातीला बँकेत ५ लाख होते. राहिले १०,०००.

चोर सापडला. तो गाळ्यात पोत्यांवर बसलाय आणि दुकानदारांच्या वहीत लपलाय.

यातल्या दोन रकमांपाशी लोक नेहमी अडखळतात. कर्जाच्या हप्त्यांपोटी वर्षात १ लाख गेले, पण नफ्यातून फक्त ४०,००० व्याज वजा झालं. मुद्दलाचे ६०,००० खर्च का नाहीत? कारण कर्ज आलं तेव्हा आपण ते उत्पन्न धरलं नव्हतं. घेताना उत्पन्न नाही, तर फेडताना खर्च नाही. दुसरी रक्कम वहिनींच्या घरखर्चाची. तिला आमच्या भाषेत उचल म्हणतात. मालकाची उचल हा धंद्याचा खर्च नसतो; धंद्याने मालकाचं देणं तेवढं फेडलं असं मानायचं. त्यामुळे दोन्ही रकमा नफा-तोटा पत्रकात दिसत नाहीत, पण खिशातून मात्र जातात. नफा दाखवणारा धंदा हप्ता चुकवतो तो बऱ्याचदा यामुळे.

मग ताळेबंद. नफा-तोटा पत्रक वर्षभराची गोष्ट सांगतं, ताळेबंद ३१ मार्चच्या रात्रीचा एक फोटो असतो. धंद्याकडे काय आहे: यंत्रं ३,४०,०००, शिल्लक माल ३,५०,०००, येणं ३,००,०००, बँकेत १०,०००. बेरीज १० लाख. हे कुणाचं आहे: बँकेचं कर्ज राहिलं ३,४०,०००, मिरचीवाल्याचं देणं १,००,०००, आणि वहिनींचं भांडवल. ५ लाख अधिक नफा १,८०,००० वजा उचल १,२०,०००, म्हणजे ५,६०,०००. बेरीज पुन्हा १० लाख. दोन्ही बाजू जुळल्या याचं लोकांना मोठं नवल वाटतं. प्रत्येक व्यवहार दोन जागी लिहिला, त्याचंच हे फळ.

बँकेचा अधिकारी हा कागद कसा वाचतो तेही सांगतो. तो नफ्याकडे पाहतो, पण त्याआधी पैसा फिरायला किती दिवस लागतात ते पाहतो. वर्षाला १०,५०,००० चा माल लागतो आणि शिल्लक ३,५०,००० चा, म्हणजे चार महिन्यांचा माल पडून. २० लाखांच्या विक्रीत ३ लाख येणं, म्हणजे सुमारे ५५ दिवसांची उधारी. १४ लाखांच्या खरेदीत १ लाख देणं, म्हणजे मिरचीवाला आपल्याला २६ दिवस सांभाळतो. १२२ अधिक ५५ वजा २६: मिरचीत घातलेला रुपया परत हातात यायला सुमारे पाच महिने. या पाच महिन्यांसाठी जो पैसा लागतो ते खेळतं भांडवल. इथे ते साडेपाच लाख आहे.

वहिनींकडे तेवढं नव्हतं असं नाही, होते पाच लाख, पण ते सगळे त्यातच गेले. आणि पुढचा धोका खरा आहे. एखाद्या मोठ्या दुकानाने ऑर्डर दिली आणि विक्री दीडपट होणार असेल, तर याच चालीने खेळतं भांडवल ८,२५,००० लागेल. आणखी पावणेतीन लाख, तेही नफा हातात पडण्याआधी. वाढता धंदा पैशाअभावी गुदमरतो तो असा. बँका यासाठी कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर करतात. शिल्लक माल आणि येणं यांचं पत्रक नियमित द्यायचं, त्यावरून किती रक्कम उचलता येईल ते ठरतं. यंत्राला मुदतीचं कर्ज आणि मालाला कॅश क्रेडिट, हा भेद पाळावा. हंगामाची मिरची घेण्यासाठी पाच वर्षांच्या हप्त्यांचं कर्ज काढणं किंवा डंक घेण्यासाठी रोजच्या गल्ल्यातला पैसा ओढणं, दोन्हींनी धंद्याची चाल बिघडते.

आता भावाकडे येतो. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. एक किलो मसाल्याला माल २१० चा, पाकीट २० चं, टेम्पो १० चा. हे २४० प्रत्येक किलोमागे लागतात. मसाला केला नाही तर लागत नाहीत. ४०० ला विकल्यावर किलोमागे १६० उरतात. भाडं, पगार, लाइट, व्याज, घसारा मिळून ६,२०,००० मात्र मसाला विका न विका, द्यावेच लागतात. (लाइट थोडं कामाप्रमाणे वाढतं हे खरं, पण इथे सोपं ठेवू.) ६,२०,००० भागिले १६०, म्हणजे ३,८७५ किलो. एवढा मसाला विकेपर्यंत वहिनी फक्त खर्च भरून काढतायत. नफा सुरू होतो तो ३,८७६ व्या किलोपासून. वर्षभर विक्री सारखी धरली तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत धंदा बिनफायदाच चालतो.

एक दुकानदार म्हणतो, वहिनी, किलोमागे वीस रुपये सोडा, पाच टक्के म्हणजे काय मोठं! वीस रुपये सगळ्यांनाच सोडले तर किलोमागे १६० च्या जागी १४० उरतात. ५,००० किलोंवर नफा १,८०,००० चा ८०,००० झाला. भावात पाच टक्के सूट, नफ्यात निम्म्याहून जास्त कपात. पहिल्याइतकाच नफा मिळवायला आता ५,७१४ किलो विकावे लागतील. सूट देऊच नये असं मी म्हणत नाही. द्यायची तर हा भागाकार करून द्यावी. मिरची महागली तरी हेच गणित: लागणारा माल किलोमागे ३६ रुपयांनी वाढला आणि भाव वाढवला नाही, तर १,८०,००० चा नफा शून्य.

आणि आता जी गोष्ट कोणत्याच पत्रकात येत नाही, ती. वहिनी सकाळी सातला गाळा उघडतात, भाजणीला स्वतः उभ्या राहतात, दुपारी दुकानदारांकडे वसुलीला जातात, रात्री पाकिटांवर स्टिकर चिकटवतात. त्यांचा पगार खर्चात कुठेच नाही. हेच काम करायला महिना १५,००० रुपयांवर माणूस ठेवला तर वर्षाचे १,८०,००० होतात. बरोबर नफ्याएवढे. म्हणजे ज्याला आपण धंद्याचा नफा म्हणतोय ती वहिनींची मजुरी आहे. त्यांच्या पाच लाखांवर, जे बँकेत ठेवले असते तर व्याज मिळालं असतं, आणि त्यांनी घेतलेल्या जोखमीवर, हाती काहीच आलेलं नाही. हे सांगताना मला दर वेळी जड जातं, पण सांगतो. पुष्कळ घरगुती धंदे बायकांच्या न लिहिलेल्या श्रमांवर ‘परवडतायत’. निदान भाव ठरवताना तरी स्वतःचा पगार कागदावर लिहावा, अशी माझी कळकळीची विनंती असते.

उधारीबद्दल कायदा वहिनींच्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ सालचा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागू होतं. शिवाय आकारणी वर्ष २०२४-२५ पासून प्राप्तिकरातही तरतूद आली: ही मुदत पाळली नाही तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजावटीला मिळतो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कुणी नोटीस पाठवत नाही, पाठवूही नये. संबंधांवर चालणारा व्यापार आहे. पण बिलावर उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख छापलेली असली की मागायला तोंड राहतं. येण्याची यादी किती दिवसांची आहे त्याप्रमाणे लावून ठेवावी: महिन्याच्या आतली, दोन महिन्यांची, त्याहून जुनी. तीन महिन्यांपेक्षा जुनी उधारी आणि नवा माल एकाच टेम्पोतून जाऊ देऊ नये.

जीएसटीचं थोडक्यात. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. वहिनी त्याच्या बऱ्याच खाली आहेत. उद्या नोंदणी घ्यावी लागली तर बिलावर घेतलेला कर ही विक्री समजू नये. तो सरकारचा पैसा आपल्या खात्यात काही दिवस मुक्कामाला आहे. तो वेगळ्या खात्यात ठेवणारे सुखी असतात. त्यातून मिरची घेणारे भरणा करायच्या तारखेला माझ्याकडे येतात.

१ एप्रिलला नवी वही उघडते. काही घरांत अजून लक्ष्मीपूजनाला लाल वहीची पूजा होते, पण सरकारचं वर्ष आज सुरू होतं. विक्री, पगार, भाडं, टेम्पो ही खाती आज कोरी. वर्षभरात जे झालं ते नफ्यात विरघळून भांडवलात गेलं. यंत्रं, पोती, दुकानदारांची येणी, बँकेचं कर्ज आणि मिरचीवाल्याचं देणं मात्र काल होतं तसंच पुढे आलं. वहिनींनी पहिल्या पानावर शिल्लक १०,००० लिहिली, खाली दुकानदारांची यादी उतरवली, आणि सगळ्यात जुन्या नावापुढे पेन्सिलने खूण करून त्याला फोन लावला.